लग्नपत्रिकेतलं तिरपं अक्षर आणि आपली मोडी

अकोला-अमरावतीकडच्या लग्नपत्रिका कधी नीट पाहिल्यात? मराठी मजकूर साधा असतो. पण वधूवरांची नावं इंग्रजीत छापायची झाली की अक्षर तिरपं होतं, शेपट्या काढतं, टाकाने लिहिल्यासारखं दिसतं. प्रशस्तिपत्रकांवरही बरेचदा तेच. कॉम्प्युटरवरचं त्याचं एक रूप म्हणजे मोनोटाइप कोर्सिव्हा. पॅट्रिशिया सॉन्डर्स यांनी ते 1991 साली केलं, पण त्याचं मूळ पाचशे वर्षांपूर्वीचं आहे.

रोमला पोपच्या कचेरीत लेखनिक भराभर पत्रं लिहीत. हात धावू लागला की अक्षर उजवीकडे कलतं, हे आम्हा मास्तरांना वह्या तपासून ठाऊक आहेच! तिथल्याच लुडोविको अरिघीने 1522 च्या सुमारास हे वळण शिकवणारी पुस्तिका काढली. कोर्सिव्हा त्याच्याच वळणावर बेतलेलं आहे. व्हेनिसच्या आल्डस मनुशियसने तर 1501 सालीच तिरप्या खिळ्यांत व्हर्जिलचं काव्य छापलं होतं. म्हणजे हे मुळात दफ्तरी अक्षर, समारंभाचा मान त्याला मागाहून मिळाला. नावापुरतं, चार ओळींपुरतं ते शोभतं. पानभर वाचायला दिलं तर डोळे शिणतात, आणि सगळी कॅपिटल अक्षरं त्यात छापली तर नाव लागतच नाही.

आपल्याकडे याची बहीण शोभेल अशी लिपी म्हणजे मोडी. आधी ओळभर शिरोरेघ ओढायची, मग हात शक्यतो न उचलता लिहीत जायचं. ऱ्हस्व-दीर्घाची फारशी कटकट नाही. बोरूच्या तिरप्या कापामुळे रेघ जाड-बारीक होते. चिटणिसी वळणाची मोडी पाहिली की नजर ठरते. बालबोध अक्षर कॉम्प्युटरवर तिरपं केलं की नुसतं कलंडतं; मोडीला मात्र स्वतःची चाल आहे.

मग ती छापखान्यात का रुळली नाही? खिळे झाले होते. विल्यम केरीचा 1810 चा मराठी कोश बंगालमधल्या श्रीरामपूरला मोडीतच छापला गेला. पण जोडून लिहायच्या लिपीचे सुटे खिळे करणं अवघड, आणि मुंबईत गणपत कृष्णाजी, पुढे जावजी दादाजींचं निर्णयसागर यांनी बालबोध खिळेच देखणे केले. छापील मराठी बालबोध झाली, मोडी हातापुरती उरली. विसाव्या शतकाच्या मध्याला ती शाळेतूनही गेली.

परिणाम घरोघरी आहे. आमच्या आजोबांचे कापसाचे हिशोब आणि शेताचं खरेदीखत मोडीत आहे. मी मराठीचा बी.ए., जन्मभर मराठी शिकवलं, पण माझ्याच आजोबांचं अक्षर मला लागत नाही. 2023 साली न्या. संदीप शिंदे समितीचं कुणबी नोंदी शोधण्याचं काम सुरू झालं, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची गरज सगळ्यांनाच कळली.

2014 पासून मोडी युनिकोडमध्ये आहे, फाँटही मिळतात. तेव्हा भावकीतल्या सगळ्यांना विनंती: जुने कागद रद्दीत घालू नका. घरातलं एखादं पोरगं मोडी शिकेल, तोवर जपून ठेवा.