वखारीतल्या संगणकाची राखण

भिवंडीत संगणक आला तो हिशेबासाठी. साध्या यंत्रमागाला त्याची गरज कधीच नव्हती. सूत कोणाकडून आले, बीम कोणत्या कारखान्यात उतरले, मजुरीवर विणलेल्या ग्रे कापडाचे किती तागे परत गेले, उधारी कुठे अडकली, ही नोंद मात्र मुनिमाच्या लाल वहीतून पडद्यावर गेली. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी संप सुरू झाला आणि विणकामाचा मोठा वाटा इकडे वळला. मुंबईच्या जकात हद्दीबाहेर माल ठेवता येई म्हणून माणकोली, पूर्णा, राहनाळ, काल्हेर, वळ या गावांच्या शेतजमिनींवर गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या. मालाला कुलूप, रखवालदार आणि आगीचा विमा होता. हिशेबाची राखण करण्याची कल्पना बरीच उशिरा आली, आणि संगणकाला विषाणूची लागण बहुतेक वेळा हिशेबाच्याच वाटेने आली.

पहिली वाट फ्लॉपीची. १९८६मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा विषाणू फ्लॉपीच्या आरंभीच्या भागात बसे आणि तीच फ्लॉपी लावून दुसरे यंत्र सुरू केले की तिथे पसरे. त्याचा वेग माणसाच्या चालण्याइतकाच. महाराष्ट्रात त्यावरचा उतारा तयार झाला तो पुण्यात. रहिमतपूरचे कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करत संगणकाच्या दुरुस्तीकडे वळले, तर धाकटे बंधू संजय यांनी विषाणू काढणारे प्रोग्राम लिहिले. त्यातून नव्वदच्या दशकाच्या मध्यास ‘क्विक हील’ बाजारात आले. २००७मध्ये कंपनीनेही तेच नाव घेतले. छोट्या व्यापाऱ्याला ते जवळचे वाटले, कारण यंत्र दुरुस्त करणारा दुकानदारच ते विकून बसवून देई. मात्र विषाणूंची नवी यादी वेळोवेळी भरावी लागे, आणि यादी जुनी राहिली की पहारा नावापुरता उरे.

इंटरनेट आले तरी हाताने होणारी ने-आण थांबली नाही. फ्लॉपीची जागा पेन ड्राइव्हने घेतली. लहान कारखानदाराचा हिशेब अनेकदा चार-पाच ठिकाणी काम करणारा अर्धवेळ हिशेबनीस सांभाळतो, आणि वर्षअखेरीस तोच डेटा सनदी लेखापालाकडे जातो. पेन ड्राइव्ह लावताच त्यावरचा प्रोग्राम आपोआप सुरू करण्याची विंडोजची सोय अशा फेऱ्यांत घातक ठरली. मायक्रोसॉफ्टने २०११च्या सुधारणेत ती जुन्या यंत्रांवर बंद केली, पण सुधारणा ज्याने घेतली त्याच्यापुरतीच. विनापरवाना विंडोज चालवणारे अनेकजण सुधारणा मुद्दाम बंद ठेवत. पकडले जाण्याची धास्ती लागणीच्या भीतीपेक्षा मोठी होती.

या सवयीची किंमत २०१७मध्ये दिसली. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ पसरला. फायली कुलूपबंद करून तो खंडणी मागे. ज्या दोषातून तो शिरला त्यावरची दुरुस्ती १४ मार्चलाच निघाली होती. २७ जूनला ‘नॉटपेट्या’ आला, तो भिवंडीच्या अगदी दारापर्यंत. न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील गेटवे टर्मिनल्सचे धक्के मर्स्क या जहाजवाहतूक समूहाच्या कंपनीकडे होते. समूहाची यंत्रणा जगभर कोसळली तेव्हा इथलेही कामकाज अडले आणि कंटेनरांची नोंद हाताने करण्याची वेळ आली. भिवंडीच्या गोदामांत उतरणारा बराच आयात माल याच बंदरातून येतो.

नॉटपेट्याचा उगम व्यापाऱ्याने नीट पाहावा असा आहे. युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘एम.ई.डॉक’ या हिशेबी सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो सुटला. म्हणजे ज्याने इमानाने अपडेट घेतले तोच आधी सापडला. एका यंत्रातून पासवर्ड चोरून नॉटपेट्या त्याच जाळ्यातल्या दुरुस्त केलेल्या यंत्रांतही शिरे, आणि खंडणी भरली तरी फायली सुटत नसत. मर्स्कच्या जाळ्याची मुख्य नोंद जगभरच्या सर्व्हरांवरून पुसली गेली; वाचली ती फक्त घानामधली, कारण त्या वेळी तिथे वीज गेली होती. वीज गेल्याचा फायदा झाल्याचे हे उदाहरण भारनियमन सोसलेल्या यंत्रमागवाल्याला खरे वाटणे कठीणच. मर्स्कला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले.

नॉटपेट्यानंतर चौथ्याच दिवशी, १ जुलैला, वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईची जकात संपली. १ एप्रिल २०१८पासून ५०,००० रुपयांवरचा माल परराज्यात न्यायचा तर गाडी हलण्याआधी ई-वे बिल काढणे आवश्यक झाले. वहीवर धंदा चालवण्याची मुभा तिथे संपली. संगणक बंद म्हणजे ट्रक उभा. बॅकअपचा अर्थही बदलला. हिशेबाची प्रत यंत्राला कायम जोडलेल्या डिस्कवर ठेवली तर खंडणीखोर प्रोग्राम तीही कुलूपबंद करतो. म्हणून प्रत घेऊन डिस्क काढून ठेवणे आणि ती प्रत अधूनमधून उघडून पाहणे, ही साधी रीत महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा अधिक कामाची ठरली. विषाणूशिवाय होणारी फसवणूकही वाढली: ओळखीच्या पुरवठादाराच्या नावाने ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असा ईमेल येतो आणि सुताचे पैसे भलत्याच खात्यात जातात. त्यावर अँटिव्हायरस काही करू शकत नाही. जुन्या नंबरावर फोन लावून विचारावे लागते.

कायदा १७ ऑक्टोबर २०००पासून आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६नुसार अशा हल्ल्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. २८ एप्रिल २०२२च्या आदेशाने सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने सायबर हल्ल्याची खबर सहा तासांत देणे कंपन्यांना बंधनकारक केले. लघुउद्योगांना अंमलासाठी २५ सप्टेंबरपर्यंत मुदत मिळाली. पैसे गेले असतील तर १९३० हा राष्ट्रीय क्रमांक आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा आधारही संपला. त्यामुळे गाळ्यांतल्या जुन्या यंत्रांपुढे विंडोज एक्सपीच्या काळातला, सुधारणांविना चालण्याचा प्रश्न पुन्हा उभा आहे.