चूको मान्शोन

जपानी शहरांत, आधी कोणी राहून गेलेल्या मालकीच्या फ्लॅटला ‘चूको मान्शोन’ म्हणतात. ‘चूको’ म्हणजे वापरलेले. ‘मान्शोन’ हा शब्द इंग्रजी ‘मॅन्शन’वरून आला, पण हवेलीशी त्याचा संबंध नाही, काँक्रीटच्या इमारतीतली एका खोलीची जागाही मान्शोनच.

अशा मालकीचा आधार १९६२ चा कायदा आहे. फ्लॅट खरेदीदाराच्या नावे होतो, जमिनीत बहुधा त्याचा हिस्सा असतो आणि तो आपोआप इमारतीच्या व्यवस्थापन संघाचा सभासद होतो. परदेशी नागरिकालाही घर घेता येते. मात्र त्यामुळे व्हिसा मिळत नाही.

जुने घर बघताना आधी १ जून १९८१ ही तारीख लक्षात ठेवावी. १९७८ च्या मियागी भूकंपानंतर कडक केलेले बांधकामाचे नियम त्या दिवशी लागू झाले. इमारत कधी पूर्ण झाली यापेक्षा आराखड्याला मंजुरी कधी मिळाली हे पाहावे लागते, म्हणून १९८२ मध्ये उभी राहिलेली इमारतही जुन्या नियमांची असू शकते. किंमत कमी दिसते तिथे या मंजुरीचा कागद मागितलाच पाहिजे.

त्याहून मोठा प्रश्न इमारत कोण आणि कशी सांभाळते हा. ‘मान्शोन घेताना व्यवस्थापन विकत घ्या’ असे जपानी लोक सांगतात, आणि ते अगदी खरे आहे. मालकाला दरमहा देखभाल शुल्क आणि दुरुस्ती निधी असे दोन वेगळे हप्ते भरावे लागतात. साधारण १२ ते १५ वर्षांनी परांची बांधून बाहेरच्या भिंती, गच्चीचे जलरोधन, गंजलेले कठडे अशी सगळी कामे एकदम काढतात. पैसा या निधीतून येतो. नवे फ्लॅट विकताना हा हप्ता मुद्दाम कमी ठेवण्याची आणि पुढे टप्प्याटप्प्याने वाढवण्याची पद्धत रूढ आहे. त्यामुळे निधीतली शिल्लक, दीर्घकालीन दुरुस्तीचा आराखडा आणि सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते वाचल्याशिवाय सही करू नये. आधीच्या मालकाने थकवलेले हप्तेही नव्या मालकाकडून वसूल करता येतात.

घर आपले, पण कुठपर्यंत? प्रवेशद्वाराच्या आतल्या बाजूचा रंग आपला, बाहेरच्या बाजूचा सगळ्यांचा. खिडकीची चौकट आणि काचही सामायिक. एकेरी काचेतून हिवाळ्यात थंडी येते म्हणून ती परस्पर बदलता येत नाही. आतून दुसरी खिडकी बसवतात. लाकडी फरशी घालायची तर खालच्या घरात आवाज किती जाईल याचेही नियम असतात. घर शोधताना अंतरही नीट पाहावे: जाहिरातीत ‘स्थानकापासून ७ मिनिटे’ असते तेव्हा चालत ८० मीटरला एक मिनिट असा हिशेब असतो. त्यात चढ किंवा सिग्नलपाशी थांबणे धरलेले नसते.

करारापूर्वी परवानाधारक व्यवहारतज्ज्ञाने महत्त्वाच्या बाबींचा दस्तऐवज समजावून सांगणे कायद्याने बंधनकारक आहे. २०२० पासून त्यात पुराच्या धोक्याचा नकाशाही दाखवावा लागतो. भाषा येत नसेल तर विश्वासू जाणकार सोबत न्यावा. दलाली ८० लाख येनवरच्या किमतीला ३ टक्के अधिक ६० हजार येन, वर उपभोगकर, या मर्यादेत असते.

चाळिशी ओलांडलेल्या इमारतीत पुनर्बांधणीचा विषय कधी ना कधी निघतोच. त्यासाठी चार-पंचमांश बहुमत लागते आणि निवृत्तिवेतनावर राहणाऱ्या वृद्ध मालकांना वाट्याचा खर्च झेपत नाही, त्यामुळे ठराव वर्षानुवर्षे अडतो. २०२५ मध्ये झालेल्या कायदादुरुस्तीने, भूकंपसुरक्षा अपुरी असल्यास ही अट एप्रिल २०२६ पासून तीन-चतुर्थांशावर आणली.