समुपदेशकांसाठी कॅनडाचे स्थलांतर : दोन वेगळ्या कसोट्या

मानसिक आरोग्य क्षेत्रात समुपदेशक म्हणून काम करणाऱ्यांना ‘एक्स्प्रेस एन्ट्री’ या पद्धतीतून कॅनडाच्या कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. मात्र स्थलांतराची पात्रता आणि तिथे व्यवसाय करण्याची परवानगी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

व्यवसायाचा संकेतांक

कॅनडात प्रत्येक व्यवसायाला संकेतांक असतो. २०२१ च्या वर्गीकरणात समुपदेशन थेरपिस्टचा संकेतांक ४१३०१ आहे. विवाह व कुटुंब समुपदेशक, कला आणि संगीत थेरपिस्टही त्यातच येतात. शाळा-महाविद्यालयातील शैक्षणिक समुपदेशकाचा संकेतांक ४१३२०, तर मानसशास्त्रज्ञाचा ३१२०० आहे. संकेतांक पदाच्या नावावरून नव्हे, तर प्रत्यक्ष कामावरून ठरतो. चुकीचा संकेतांक निवडल्यास अर्ज नाकारला जाऊ शकतो.

किमान अटी

‘फेडरल स्किल्ड वर्कर’ योजनेत मागील दहा वर्षांत किमान एक वर्षाचा सलग, सशुल्क अनुभव लागतो. आठवड्याला ३० तासांप्रमाणे हे एकूण १,५६० तास होतात. एमएच्या अभ्यासक्रमातील विनावेतन प्रात्यक्षिक किंवा हेल्पलाइनवरील स्वयंसेवा यात धरली जात नाही. आयईएल्टीएस जनरल परीक्षेत चारही विभागांत किमान ६ गुण, भारतीय पदवीचे मूल्यांकन आणि निवड निकषांत १०० पैकी ६७ गुणही आवश्यक असतात. त्यानंतर इतर उमेदवारांशी गुणवत्ता यादीत स्पर्धा असते.

अनुभवाचा पुरावा

नोकरी करणाऱ्यांनी संस्थेच्या लेटरहेडवर पद, कामाचे स्वरूप, कालावधी, आठवड्याचे तास आणि वेतन नमूद असलेले पत्र घ्यावे. खासगी प्रॅक्टिस करणाऱ्यांची अडचण मोठी असते. स्वतः लिहिलेले कामाचे वर्णन पुरेसे मानले जात नाही. दिलेली सेवा आणि मिळालेले शुल्क यांचा त्रयस्थ पुरावा लागतो. पण गोपनीयतेमुळे क्लायंटची नावे उघड करता येत नाहीत. त्यामुळे ज्या रुग्णालयांना, शाळांना किंवा कंपन्यांना सेवा दिली त्यांची पत्रे, करार, पावत्या व आयकर विवरणपत्रे सुरुवातीपासून जपून ठेवणे उपयोगी ठरते.

परवाना कोण देते?

परवान्याचे नियम प्रांतानुसार बदलतात. ओंटारिओत मानसोपचाराचे नियमन ‘कॉलेज ऑफ रजिस्टर्ड सायकोथेरपिस्ट्स ऑफ ओंटारिओ’ ही संस्था करते. तिथे पूर्ण नोंदणीसाठी क्लायंटसोबतचे ४५० तास आणि पर्यवेक्षणाखालील चर्चेचे १०० तास दाखवावे लागतात. स्थलांतरासाठी केलेले पदवीचे मूल्यांकन म्हणजे ही नोंदणी नव्हे. भारतातील पर्यवेक्षणाच्या लेखी नोंदी नसतील, तर कायम वास्तव्य मिळूनही पूर्ण नोंदणी मिळण्यात अडचण येऊ शकते. म्हणून प्रांत ठरवून तेथील नोंदणीच्या अटी अर्जापूर्वीच तपासाव्यात.