संयुक्त अरब अमिरातीतील प्राचीन दफनविधी आणि नवे शोध

पुरातन कबरींचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा मिसर देश येतो. दरवर्षी पेसाहच्या रात्री आपण हग्गादा वाचतो, त्यामुळे फारोचा देश आपल्याला परका नाही. तिथल्या दफनाची माहितीही आपल्याला तोरातूनच मिळते. याकोब बाबा मिसरात वारले तेव्हा वैद्यांनी त्यांच्या देहाला मसाले लावले आणि त्या कामाला ४० दिवस लागले. पुढे योसेफाचा देहही तसाच मसाले लावून पेटीत ठेवला गेला. मिसरी लोकांची समजूत अशी, की देह टिकला तरच माणूस पुढच्या जगात टिकतो. म्हणून राजांसाठी पिरॅमिड, रंगीत पेट्या, सोने आणि भिंतींवर नावे. गरिबाला मात्र वाळूतला खड्डा.

माझी लेक आणि जावई नोकरीनिमित्त शारजात राहतात, त्यामुळे गेल्या काही वर्षांत माझे तिकडे जाणे-येणे असते. अबू धाबीच्या लूव्र संग्रहालयात मी हेनुत्तावी नावाच्या मिसरी राजकन्येची शवपेटी पाहिली. सुमारे ३००० वर्षांपूर्वीची पेटी, पण रंग अजून शाबूत. तिच्याभोवती गर्दी असते. पण अमिरातीच्या स्वतःच्या मातीत याहूनही जुनी थडगी आहेत, हे आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही. ती सोन्याची नाहीत आणि बहुतेकांवर नावही नाही. तरी ती वाचता येतात. ती कशी वाचतात आणि त्यात आपल्यासाठी काय आहे, ते या लेखात सांगते.

हाडे वाहून आणणारे लोक (जबल बुहैस)

शारजा शहरापासून आत, वाळवंटाच्या बाजूला जबल बुहैस नावाचा डोंगर आहे. त्याच्या पायथ्याशी १९९५ पासून जर्मनीच्या ट्यूबिंगन विद्यापीठाच्या मंडळींनी शारजाच्या पुरातत्त्व खात्याबरोबर उत्खनन केले. तिथे इ.स.पू. ५०००च्या सुमारास सुरू झालेले एक कबरस्तान सापडले. त्यात ५००हून अधिक माणसांचे अवशेष निघाले. म्हणजे मिसरातला पहिला पिरॅमिड बांधला जाण्याच्याही २००० वर्षांहून आधीची ही माणसे.

हे लोक शेळ्यामेंढ्या आणि गुरे पाळणारे. ऋतूप्रमाणे समुद्रकिनारी जायचे, मग डोंगराकडे परतायचे. मयताला ते कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपल्यासारखे ठेवत. अंगावर शिंपल्यांचे मणी, काहींजवळ भोक पाडलेले मोतीसुद्धा. मला सर्वांत विशेष वाटले ते पुढचे. काही ठिकाणी पूर्ण सांगाडा नाही, नुसती हाडांची नीट रचलेली मोळी आहे. अभ्यासकांचे म्हणणे असे, की माणूस दूर कुठे वारला तर त्याला तिथे तात्पुरते पुरत आणि पुढे त्याची हाडे गोळा करून या डोंगराशी आणून आपल्या माणसांत ठेवत.

हे वाचताना आपल्याला योसेफ आठवल्याशिवाय राहील का? त्याने भावांकडून शपथ घेतली होती, की देव तुमची भेट घेईल तेव्हा माझी हाडे इथून घेऊन जा. मोशे राब्बेनूंनी मिसर सोडताना ती सोबत घेतली आणि शेवटी शखेम इथे त्यांचे दफन झाले. बुहैसच्या लोकांना तोरा माहीत नव्हती, काळही फार वेगळा. पण आपला माणूस परक्या जागी राहू नये ही ओढ तीच.

डोंगरावरच्या उडव्या (जबल हफीत)

यानंतरचा टप्पा अल ऐन शहराजवळचा. तिथल्या जबल हफीत डोंगराच्या पायथ्याशी आणि आसपासच्या कड्यांवर दगड एकावर एक रचून केलेली गोल थडगी आहेत. आपल्या कोकणात भाताच्या उडव्या असतात ना, लांबून तशीच दिसतात. त्यांचा काळ साधारण इ.स.पू. ३२०० ते २७००. एकेका थडग्यात मोजकीच माणसे, बहुधा एकाच घरातली. थडगी उंचवट्यावर अशासाठी, की खालून जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसावीत आणि ही जमीन कोणाच्या वाडवडिलांची ते कळावे, असे अभ्यासक मानतात.

आत छोटी रंगवलेली मडकी सापडली, ती आजच्या इराकमधली. आपल्या अब्राहाम बाबांचे ऊर शहर त्याच मुलखातले. अमिराती आणि ओमानच्या डोंगरांत तांबे निघते आणि इराकच्या सपाट प्रदेशात ते नाही. त्यामुळे हा व्यापार. २०११ साली युनेस्कोने हफीत, हिली आणि अल ऐनच्या परिसरातील इतर ठिकाणांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

सगळ्यांची एकच कबर (उम्म अन-नार)

अबू धाबीला लागूनच उम्म अन-नार नावाचे लहानसे बेट आहे. नावाचा अर्थ 'आगीची आई'. १९५९ साली डेन्मार्कच्या पुरातत्त्वज्ञांनी इथे खोदकाम सुरू केले. पी. व्ही. ग्लोब आणि जेफ्री बिबी हे त्यांचे प्रमुख. अमिरातीतल्या शास्त्रीय उत्खननाची सुरुवात तीच. संयुक्त अरब अमिराती हा देश १९७१ साली स्थापन झाला, म्हणजे उत्खनन देशापेक्षाही जुने!

या बेटाच्या नावावरून त्या काळाला (इ.स.पू. २७०० ते २०००) उम्म अन-नार काळ म्हणतात. या काळातली थडगी मोठी, गोल, बाहेरून घासून गुळगुळीत केलेल्या चुनखडीच्या दगडांची. आत भिंती घालून खोल्या पाडलेल्या. छोटे दार, त्यावर नेमका बसणारा दगड. नवी मयत आली की दगड काढायचा, आत ठेवायचे, पुन्हा बंद करायचे. असे शंभर-दोनशे वर्षे चाले. जागा भरली की जुनी हाडे बाजूला सारत किंवा शेजारच्या खड्ड्यात ठेवत. अल ऐनजवळ हिली इथे अशाच एका खड्ड्यात ६००हून अधिक माणसांची हाडे निघाली. तिथल्याच मोठ्या थडग्याच्या दारावर दोन हरणे आणि त्यांच्यामध्ये हातात हात घेतलेली दोन माणसे कोरलेली आहेत. हे थडगे १२ मीटर व्यासाचे असून आता सार्वजनिक बागेत उभे आहे, मुले आजूबाजूला खेळत असतात.

मिसरात राजाची कबर वेगळी आणि मजुराची वेगळी. इथे बायका, पुरुष, म्हातारी माणसे, तान्ही बाळे, सगळी एकाच छताखाली. आपल्यालाही ही कल्पना नवी नाही. हेब्रोनची मख्पेला गुहा ही अब्राहाम, सारा आणि त्यांच्या वंशजांची एकत्र कबर. दुसऱ्या बेथ हामिकदाशच्या काळात यरुशलेममध्येही आधी गुहेत ठेवून, वर्षभराने हाडे दगडी पेटीत गोळा करण्याची पद्धत होती. माणूस 'आपल्या लोकांत जाऊन मिळाला' असे तोरात म्हटले आहे, ते अशा वेळी अगदी शब्दशः खरे वाटते.

या थडग्यांत आपल्या हिंदुस्थानातल्या वस्तूही सापडतात. सिंधू खोऱ्याकडचे लाल अकीकाचे मणी, पांढऱ्या नक्षीचे. म्हणजे पश्चिम किनारा आणि आखात यांच्यातली ये-जा ४००० वर्षांपेक्षा जुनी आहे.

चालू न शकणारी मुलगी (तेल अब्राक)

शारजा आणि उम्म अल क्वैन यांच्या सीमेवर तेल अब्राक नावाची टेकडी आहे. डॅनियल पॉट्स यांच्या पथकाने तिथे एक गोल थडगे खोदले. सुमारे ४००० वर्षांपूर्वीचे, सहा मीटर व्यासाचे, आत साडेतीनशेहून जास्त माणसे. त्यांत विशीच्या आतबाहेरची एक मुलगी होती. डेब्रा मार्टिन आणि इतर अभ्यासकांनी तिची हाडे तपासली, तेव्हा पायांत लकव्याच्या खुणा दिसल्या. तिला पोलिओ झाला असावा असा त्यांचा अंदाज आहे.

आपल्या पिढीने पोलिओ पाहिला आहे. प्रत्येकाच्या ओळखीत एखादे तरी मूल होते. तेव्हा विचार करा, चाके नाहीत, औषध नाही, वाळवंटाच्या कडेची वस्ती. ही मुलगी चालू शकत नव्हती आणि तरी तरुणपणापर्यंत जगली. म्हणजे तिला कोणी तरी रोज उचलत होते, भरवत होते. तिचे दातही किडलेले होते. अभ्यासकांना वाटते, तिला गोड खजूर भरपूर देत असावेत. लाड, दुसरे काय! आणि वारल्यावर तिला वेगळे टाकले नाही, सगळ्यांबरोबरच ठेवले. तिचे नाव मात्र कोणालाच कळणार नाही, कारण तिच्या लोकांनी ते कुठे लिहून ठेवले नाही.

२०२५ सालचा शोध

नवीन बातमी अल ऐनचीच आहे. २०२५ साली अबू धाबीच्या संस्कृती आणि पर्यटन विभागाने तिथे सुमारे ३००० वर्षांपूर्वीचे, लोहयुगातले मोठे कबरस्तान सापडल्याचे जाहीर केले. तिथे शंभराच्या आसपास थडगी असावीत. या काळातले लोक अल ऐनला राहत होते, त्यांची घरे आणि पाण्याचे भुयारी पाट सापडले होते, पण त्यांनी आपली माणसे कुठे पुरली हे कोडे होते.

कोडे सुटायला इतकी वर्षे लागली, कारण जमिनीवर काहीच खूण नव्हती. सुमारे दोन मीटर सरळ खाली खड्डा, मग बाजूला कोरलेली लांबट गोल खोली, तोंडाला कच्च्या विटा किंवा दगड आणि वर परत माती. बरीचशी थडगी जुन्या काळीच चोरांनी फोडलेली, तरी मडकी, तांब्याची हत्यारे, मणी, अंगठ्या, शिंपल्यातली प्रसाधने हाती लागली.

त्याच वर्षी जुलैमध्ये शारजाचा फाया परिसर युनेस्कोच्या यादीत आला. वर सांगितलेला बुहैस डोंगर याच भागातला.

मुलाने बापाला बांधलेली कबर (म्लैहा)

आता नाव असलेल्या कबरींकडे येऊ. शारजातल्या म्लैहा इथे इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून मोठे गाव होते. इथे धन्यासोबत त्याचे उंट आणि घोडे पुरत. एका घोड्याच्या साजावर सोन्याच्या चकत्याही मिळाल्या. आपल्या धर्मात मयतासोबत काहीच देत नाहीत, पांढरे कफन आणि माती बस्स. श्रीमंत असो की गरीब, दोघांना तेच. म्हणून हे आपल्याला विचित्र वाटेल.

पण याच म्लैहात बेल्जियमच्या पथकाला एका कबरीचा कोरीव दगड मिळाला. त्यावर मजकूर दोन लिप्यांत आहे. एक दक्षिण अरबस्तानातली आणि दुसरी अरामी. अरामी म्हणजे आपल्या काद्दीशची भाषा! इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या अखेरचा हा दगड. ओमानच्या राजाच्या एका अधिकाऱ्याची ही कबर असून ती त्याच्या मुलाने बांधली, असे त्यात लिहिले आहे. बापाचे, आजोबाचे नावही आहे. २२०० वर्षांनंतर आपल्याला एक मुलगा आणि त्याचा बाप नावानिशी भेटतात, ते या एका दगडामुळे.

दावीद बेन मोशे

आणि आता जे वाचून मला सर्वांत जास्त आनंद झाला ते सांगते. उत्तरेकडच्या रास अल खैमा अमिरातीत शिमल नावाची जागा आहे. तिथे ४००० वर्षांपूर्वीची मोठमोठी थडगी आहेतच, पण त्याच भागात एका यहुदी माणसाच्या कबरीचा दगडही सापडला. अक्षरे हिब्रू, नाव दावीद बेन मोशे. तो इतक्या जुन्या काळातला नाही, कित्येक शतकांनंतरचा आहे. आखातात यहुदी व्यापारी ये-जा करत, काही तिथेच राहत, याचा हा पुरावा. दगड रास अल खैमाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

२०२३ साली अबू धाबीत मोशे बेन मैमोन सिनेगॉग उघडले, तेव्हा पुष्कळांना वाटले की तिथे यहुदी पहिल्यांदाच आले. या दावीदने आधीच आपली हजेरी दगडावर लावून ठेवली होती. त्याच्या मागे मिन्यान होते की नाही, काद्दीश कोणी म्हटले, यातले काही दगड सांगत नाही. पण नाव आहे, बापाचे नाव आहे, म्हणून आज आपण त्याच्यासाठी हश्काबा तरी म्हणू शकतो.

आपल्या कबरी

आपल्या समाजाची कहाणीसुद्धा कबरींपासूनच सुरू होते. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि लाटांनी आणलेल्या बाकीच्यांचे तिथेच दफन झाले, पुरुषांचे एकीकडे, बायकांचे दुसरीकडे. हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या मयतांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत. तरीही जागा माहीत आहे, कारण पिढ्यान्‌पिढ्या कोणी ना कोणी दाखवत आले.

आज रायगड जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत आपली कबरस्ताने आहेत आणि माणसे मात्र मुंबई, ठाण्याला किंवा इस्राएलला. आडनावात गाव राहिले, गावात घर राहिले नाही. पावसाळ्यात रान माजते, दगड झिजतात, मराठी-हिब्रू अक्षरे पुसट होतात. काही कबरींवर तर दगडच नाही, फक्त कोणा आजीला माहीत असते की इथे कोण आहे.

तेल अब्राकच्या मुलीबद्दल शास्त्रज्ञांनी आजार, वय, दात, सगळे शोधून काढले, पण नाव कोणत्याही यंत्राला काढता आले नाही. ते फक्त माणसेच पुढे देऊ शकतात. तेव्हा वडीलधाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे. आपल्या गावच्या कबरस्तानात आपले कोण कोण आहे, कोणत्या झाडाखाली, कोणत्या रांगेत, हे नातवंडांना सांगून वहीत लिहून घ्या. नाव, बापाचे नाव, वारल्याचे वर्ष. जमले तर पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा दगडांचे फोटो काढून ठेवा, सकाळच्या तिरप्या उन्हात अक्षरे जास्त स्पष्ट येतात. बिनदगडाच्या कबरीची माहिती ज्यांच्याकडे आहे त्यांनी तर हे काम याच हिवाळ्यात, पाय चालते आहेत तोवर करावे.