गोळीचं नाव माहीत असलेली माणसं

आफ्रिका आणि एड्स हे शब्द शेजारी आले की आपल्याला आठवतात खंगलेली माणसं आणि बाहेरून आलेली मदत. ह्या माणसांनी स्वतः एकमेकांना शोधून जे उभं केलं, त्याची गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

सुरुवात युगांडापासून करूया. नोरीन कालीबा कंपालाच्या मुलागो रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट होत्या. १९८७ मध्ये त्यांचे पती एड्सने गेले. त्याच वर्षी त्यांनी काही समदुःखी लोकांसोबत 'टासो' ही संस्था काढली. हाताशी औषध नव्हतं. रुग्णाला धीर देणं, घरी जाऊन विचारपूस करणं आणि आजार लपवायचा नाही हा हट्ट, एवढंच भांडवल.

१९९६ नंतर प्रभावी औषधं आली, पण वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या पुढे! म्हणजे औषध होतं, पण गरिबांसाठी नव्हतं. १० डिसेंबर १९९८ ला, मानवी हक्क दिनी, केप टाऊनच्या सेंट जॉर्ज कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर झॅकी अखमत आणि मूठभर साथीदार उपोषणाला बसले. ही 'ट्रीटमेंट अ‍ॅक्शन कॅम्पेन'ची सुरुवात. त्याच महिन्यात, आपल्याला एचआयव्ही आहे असं जाहीरपणे सांगणाऱ्या गुगु द्लामिनीला डर्बनजवळ जमावाने मारहाण करून ठार केलं. उत्तर म्हणून कार्यकर्त्यांनी 'एचआयव्ही पॉझिटिव्ह' असं छापलेले टी-शर्ट घातले. लागण असलेल्यांनीही, नसलेल्यांनीही. कोण कोणाला ओळखून काढणार?

मला सगळ्यात मोलाची वाटते ती त्यांची 'उपचार साक्षरता'. वस्त्यावस्त्यांत बसून विषाणू शरीरात काय करतो, कुठली गोळी त्याला कुठे अडवते, पेटंट म्हणजे काय, हे लोक शिकले. दक्षिण आफ्रिकेच्या औषध कायद्याविरुद्ध कोर्टात गेलेल्या ३९ कंपन्यांनी एप्रिल २००१ मध्ये खटला मागे घेतला. त्यामागे हे शहाणपण आणि रस्त्यावरची गर्दी दोन्ही होतं. फेब्रुवारी २००१ मध्ये आपल्या मुंबईच्या सिप्लाने वर्षाला ३५० डॉलरमध्ये औषधं देऊ केली होती. त्यामुळे 'स्वस्त होणारच नाही' हा युक्तिवादही लंगडा पडला.

जुलै २००२ मध्ये बाळांना आईकडून होणारी लागण टाळणारं नेव्हिरापीन द्या, असा आदेश तिथल्या घटनात्मक न्यायालयाने सरकारला दिला. पुढच्याच महिन्यात केप टाऊनमध्ये अनेक आफ्रिकी देशांतले कार्यकर्ते जमले आणि उपचारांसाठीची अखिल आफ्रिकी चळवळ उभी राहिली. एका देशातली लढाई दुसऱ्याला धडा म्हणून उपयोगी पडू लागली. २००९ मध्ये केनियात तीन एचआयव्हीबाधित अर्जदारांनी बनावट मालाविरुद्धच्या कायद्याला आव्हान दिलं. त्यामुळे जेनेरिक औषधं अडू शकतात, हे २०१२ मध्ये हायकोर्टाने मान्य केलं.

सगळं गोड झालं असं नाही. ह्या संघटना आणि दवाखाने परदेशी पैशावर बरेच अवलंबून राहिले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने मदत गोठवली तेव्हा अनेक ठिकाणी कामं एका रात्रीत थांबली. पैसा थांबवता येतो, पण लोकांना कळलेलं परत काढून घेता येत नाही. मला आशा वाटते ती एवढ्यावरच.

आता जरा आपल्या घरात बघा. रोज बीपीची, शुगरची गोळी घेणाऱ्या आपल्या काका-मावश्यांपैकी किती जणांना तिचं नाव आणि काम सांगता येईल?