मॅकरोनी, एक पेंग्विन आणि जेम्स हेमिंग्ज

आज विषय आहे मॅकरोनी. हो, तीच, डब्यातली. आपल्याकडे मॅकरोनी म्हणजे कांदा-टोमॅटोची फोडणी, सिमला मिरची, थोडा मसाला, आणि घरात असलंच तर वरून किसलेलं चीज. पोरं डबा चाटूनपुसून आणतात, विषय संपला. पण या शब्दानं स्वयंपाकघराबाहेर काय काय उद्योग केलेत, ते ऐका.

दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रात एक पेंग्विन राहतो, त्याचं नाव मॅकरोनी पेंग्विन. तो काही मॅकरोनी खात नाही. त्याच्या डोक्यावर पिवळ्याधमक पिसांचा तुरा असतो आणि तो बघून इंग्रज खलाशांना लंडनचे नखरेल तरुण आठवले. 1760-70 च्या सुमारास इंग्लंडमधली श्रीमंतांची पोरं युरोपच्या सफरीवर जायची आणि इटलीहून येताना दोन गोष्टी घेऊन यायची: मॅकरोनीची चटक आणि अंगभर फॅशन. उंचच उंच केसांचे टोप, घट्ट कपडे. लोक त्यांनाच 'मॅकरोनी' म्हणायला लागले. होरेस वॉलपोल या लेखकाच्या 1764 च्या पत्रात 'मॅकरोनी क्लब'चा उल्लेख येतो. 'यँकी डूडल' हे गाणं ऐकलंय ना? त्यातली मॅकरोनी म्हणजे हीच फॅशन. इंग्रज सैनिक ते गाणं अमेरिकेतल्या गावठी लोकांची टिंगल करायला म्हणायचे.

गंमत बघा, त्याच काळात इटलीतल्या नेपल्समध्ये मॅकरोनी हे रस्त्यावरचं खाणं होतं. मोठ्या कढईत उकळायची, वर किसलेलं चीज, आणि गरीब माणसं मान मागे टाकून हातानंच तोंडात सोडायची. जर्मन कवी गोएथे 1787 मध्ये तिथे होता, त्यानंही लिहिलंय की ही वस्तू सगळीकडे स्वस्तात मिळते. म्हणजे आपला वडापाव कुणीतरी परदेशात नेऊन त्यावर उच्चभ्रू क्लब काढावा, तसंच हे.

आता मला खरं ज्याच्याबद्दल बोलायचंय, तो माणूस. जेम्स हेमिंग्ज. 1765 चा जन्म, अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचा, जन्मानं गुलाम. मालक कोण? थॉमस जेफरसन. 'सगळी माणसं समान आहेत' असं स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात लिहिणारा तोच जेफरसन. त्याची बायको मार्था आणि जेम्स यांचे वडील एकच, म्हणजे नात्यानं जेम्स त्याचा मेहुणाच लागायचा. तरीही मालमत्ता.

1784 मध्ये जेफरसन पॅरिसला गेला आणि 19 वर्षांच्या जेम्सला सोबत घेऊन गेला, फ्रेंच स्वयंपाक शिकायला. जेम्स शिकला. इतका, की तीनेक वर्षांत जेफरसनच्या पॅरिसच्या घराचा मुख्य आचारी झाला. त्याला तिथे पगार मिळायचा. त्यातून त्यानं फ्रेंच भाषेची शिकवणी लावली. फ्रान्समध्ये गुलाम माणूस कोर्टात अर्ज करून सुटका मागू शकत होता. जेम्सनं तो मागितला नाही. 1789 मध्ये तो परत आला. घरचे सगळे व्हर्जिनियात होते, हे विसरून चालणार नाही.

याच काळात जेफरसनला मॅकरोनीचं वेड लागलं. त्यानं मॅकरोनी करण्याच्या यंत्राचं रेखाटन करून ठेवलं, नेपल्सहून यंत्रही मागवलं. म्हणूनच 'जेफरसननं अमेरिकेत मॅकरोनी आणली' असं सर्रास छापून येतं. हल्ली रील्सवर उलटं ऐकू येतं: 'मॅक अँड चीजचा शोध जेम्स हेमिंग्जनं लावला.' दोन्ही मला पटत नाही. एलिझाबेथ रॅफल्ड या इंग्रज बाईच्या 1769 च्या पुस्तकात चीज घातलेल्या मॅकरोनीची कृती छापलेली आहे. तेव्हा जेम्स चार वर्षांचा होता. पण चित्र काढणं वेगळं आणि रोज चुलीपुढे उभं राहणं वेगळं. माँटिचेलोच्या, म्हणजे जेफरसनच्या घरच्या, स्वयंपाकघरात फ्रेंच हात आणला तो जेम्सनं.

आणि त्याची किंमत बघा. 1793 मध्ये जेफरसननं लिहून दिलं: तुझ्या शिक्षणावर माझा बराच खर्च झालाय, तेव्हा आधी दुसऱ्या कुणाला तरी स्वयंपाक शिकव, मग तू मोकळा. जेम्सनं आपल्या धाकट्या भावाला, पीटरला, तयार केलं. फेब्रुवारी 1796 मध्ये तो सुटला. पीटर गुलामच राहिला. जाताना जेम्सनं स्वयंपाकघरातल्या भांड्यांची यादी स्वतःच्या अक्षरात लिहिली. तो कागद आजही आहे.

1801 मध्ये जेफरसन राष्ट्राध्यक्ष झाला आणि मधल्या माणसांकरवी जेम्सला निरोप धाडला, राष्ट्राध्यक्षांचा आचारी हो म्हणून. जेम्सचं म्हणणं एवढंच होतं, की तुम्ही स्वतः मला दोन ओळी लिहा. ते पत्र आलं नाही. जेम्सही गेला नाही. त्याच वर्षी बाल्टिमोरमध्ये तो वारला. वय 36.

पुढच्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्षांच्या टेबलावर मॅकरोनी आली. मनासा कटलर नावाचा खासदार जेवायला होता. त्याला वाटलं, यात कांदेच कांदे आहेत. अजिबात आवडलं नाही. हा इटालियन पदार्थ आहे, कांदे नव्हेत, असं शेजारच्यानं त्याला समजावलं. कटलरनं हे सगळं डायरीत लिहून ठेवलंय.

पुढचं पटकन सांगतो. 1824 मध्ये मेरी रँडॉल्फच्या पुस्तकात कृती आली: मॅकरोनी, चीज, लोणी, बस. 1937 मध्ये क्राफ्ट कंपनीनं 19 सेंटला चार माणसांचं जेवण होईल असा खोका काढला आणि युद्धाच्या रेशनिंगमध्ये एका कुपनावर दोन खोके मिळायला लागल्यावर तो घराघरात पोचला.

पण अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय घरांमध्ये थँक्सगिव्हिंगला खोक्यातलं चालत नाही. तिथे ओव्हनमध्ये भाजलेलं, वरून खरपूस झालेलंच लागतं आणि ते कुणी करायचं हे ठरलेलं असतं: आजी, नाहीतर एखादी मावशी. आपल्याकडे पुरणपोळीचं असतं ना, तसं. नव्या सुनेच्या हाती पहिल्याच वर्षी देत नाहीत. पाहुणे टेबलाशी आले की आधी विचारतात, "मॅक अँड चीज कुणी केलंय?" आणि उत्तर ऐकून मगच ताट पुढे करतात.