फाइल हस्तांतर सर्व्हर : व्यवस्थापन

नेटवर्कवरील संगणकांना एकाच ठिकाणी फाइली ठेवता आणि तिथून उतरवून घेता याव्यात, यासाठी चालवलेला सर्व्हर. खाती, परवानग्या, डिस्कवरील जागा, नोंदी आणि सुरक्षा यांची देखभाल हे त्याच्या ॲडमिनचे काम.

या कामाचा मूळ प्रोटोकॉल एफटीपी (फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल). आयआयटी कानपूरमधून १९६५ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले अभय भूषण यांनी एमआयटीत असताना त्याचा पहिला आराखडा लिहिला. आरएफसी या इंटरनेटविषयक दस्तऐवजांच्या मालिकेत ११४ या क्रमांकाने तो एप्रिल १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रचलित स्वरूप ऑक्टोबर १९८५ च्या आरएफसी ९५९ मधले. एका भारतीय अभियंत्याचे हे काम आपल्याकडे अजून पुरेसे ठाऊक नाही, याची खंत वाटते.

एफटीपीत आज्ञांसाठी २१ क्रमांकाचे पोर्ट असते आणि फाइलींसाठी वेगळी जोडणी उघडते. ॲक्टिव्ह पद्धतीत ही दुसरी जोडणी सर्व्हर स्वतः वापरकर्त्याच्या संगणकाकडे करतो. राउटरच्या आडोशाला असलेल्या संगणकापर्यंत ती बहुधा पोहोचत नाही. ‘लॉगिन होते, पण फाइलींची यादी येत नाही’ ही नेहमीची तक्रार बहुतेकदा इथूनच निघते. उपाय म्हणजे पॅसिव्ह पद्धत, जिच्यात दुसरी जोडणीही वापरकर्त्याचा संगणकच करतो: तिच्यासाठी पोर्टचा ठरावीक पट्टा सर्व्हरवर नेमायचा आणि तोच फायरवॉलमध्ये खुला करायचा.

असा सर्व्हर कुठे उपयोगी पडतो, याचे एक उदाहरण पाहू. शिरूर तालुक्यात केंदूरजवळच्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे २००२ मध्ये उभी राहिलेली फॅब लॅब, म्हणजे संगणकावरच्या आराखड्यांवरून वस्तू घडवण्याची प्रयोगशाळा, ही एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक. अशा प्रयोगशाळेत आराखड्याची फाइल हाच कच्चा माल असतो. एका गावात आखलेला भाग दुसऱ्या देशात कापता येतो. म्हणून फाइल जशीच्या तशी पोहोचणे सर्वांत महत्त्वाचे. चित्रे, आराखडे आणि झिप फाइली बायनरी पद्धतीनेच पाठवाव्यात. ॲस्की पद्धतीत ओळींच्या शेवटच्या खुणा बदलतात आणि फाइल निकामी होते. वीज गेली की मोठी फाइल अर्ध्यावर तुटते, तेव्हा तुटल्या जागेपासून पुढे पाठवण्याची सोय सुरू ठेवणे ग्रामीण भागात अत्यावश्यकच.

साध्या एफटीपीत पासवर्ड उघडा प्रवास करतो. त्यामुळे नवा सर्व्हर उभारताना २२ क्रमांकाच्या पोर्टवरचा एसएफटीपी किंवा टीएलएसचे कवच असलेला एफटीपीएस निवडावा. क्रोम आणि फायरफॉक्स या ब्राउझरांनी २०२१ मध्ये एफटीपीचा आधार काढून टाकला. सॉफ्टवेअर अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावे आणि त्याची स्वाक्षरी तपासावी: व्हीएसएफटीपीडी या एफटीपी सर्व्हर सॉफ्टवेअरच्या २.३.४ आवृत्तीच्या डाउनलोड फाइलमध्ये कुणीतरी चोरवाट घुसवल्याचे जुलै २०११ मध्ये आढळले होते.

प्रत्येकाला स्वतंत्र खाते द्यावे, ते त्याच्याच फोल्डरपुरते बंदिस्त ठेवावे आणि जागेला कोटा लावावा. सामायिक पासवर्ड सोयीचा वाटतो, पण फाइल कुणी पुसली हे मग कळत नाही. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात आणि घड्याळे एनटीपी या वेळ जुळवणाऱ्या प्रोटोकॉलने जुळवावी लागतात. विज्ञान आश्रमासारख्या ठिकाणच्या निवासी अभ्यासक्रमांत दरवर्षी तुकडी बदलते; जुन्या तुकडीची खाती त्याच आठवड्यात बंद करावीत आणि तिच्या फाइली बॅकअपमध्ये हलवाव्यात.